मदत हवी आहे : गुडघ्याची वाटी बदलली, पण आईचा पाय वाकत नाही. फिजिओथेरपी नेमकी कशी असायला हवी?

नमस्कार मंडळी,

आईचं वय ६७. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. उजव्या गुडघ्याची वाटी बदलून सात आठवडे होत आले. जखम छान भरली, एक्स-रे चांगला आहे, वॉकर घेऊन घरात फिरते. पण गुडघा ८० अंशांपुढे वाकत नाही आणि पूर्ण सरळही होत नाही. पलंगावर आडवी झाली की गुडघ्यामागे लाटणं सहज जाईल एवढी फट राहते. मागच्या तपासणीला सर्जन म्हणाले, दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर भूल देऊन गुडघा वाकवावा लागेल. ते ऐकल्यापासून तिची झोप उडाली आहे.

कराडला घरी फिजिओथेरपिस्ट येतात. स्वभावाने चांगले, वेळ पाळणारे. पण आल्यावर आधी करंटचं मशीन, मग शेक, मग पाय धरून पाच-सात वेळा वाकवणं. आई कळवळली की थांबतात. आईने दिवसभर स्वतः काय करायचं ते सांगितलेलं नाही. विचारलं तर "मी येतो ना, तुम्ही जोर करू नका" म्हणतात. मोजमाप कधी घेतलेलं पाहिलं नाही. ८० हा आकडा सर्जननी मोजलेला. रात्री गुडघ्याखाली उशी देतो, तेव्हा कुठे तिला डोळा लागतो.

मी पुण्यात असते, शनिवार-रविवार जाऊन येते. मला विचारायचंय ते असं : हा उपचार पुरेसा आहे का? आपोआप पाय वाकवणारं सीपीएम मशीन भाड्याने आणावं असं बाबा म्हणतात, त्याचा उपयोग होईल का? आणि सात आठवड्यांनंतरही गुडघा सुटतो का? ज्यांनी घरात हे निभावलंय त्यांनी कृपया लिहा.

सांगलीकर काकू :

माझे दोन्ही गुडघे झालेत, म्हणून लिहिते. पहिल्या गुडघ्याला मीही फार घाबरले होते. वाकवलं तर आतलं सुटेल, टाके उसवतील, असं वाटायचं. माझ्या सर्जननी एक्स-रे समोर धरून आतला सांधा किती पक्का बसलाय ते दाखवलं, तेव्हा धीर आला. आईंना "व्यायाम कर" म्हणण्याआधी ही भीती काढा. आणि दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची का, ते डॉक्टरांना विचारा. मला त्यानेच जमलं. गोळी टाळून सोसत बसण्यात काही शहाणपण नाही हो.

फिजिओ, सातारा :

ताई, तुमच्या आईंना पाहिलेलं नाही, त्यामुळे अंतिम शब्द सर्जनचाच. पण लिहिलंय त्यावरून सांगते.

सगळ्यात आधी ती उशी काढा. तिने आराम वाटतो, पण तासन्‌तास गुडघा अर्धवट वाकलेला राहतो आणि मागचे स्नायू आखडतात. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या, गुडघा खाली मोकळा सोडा. सगळे वाकण्याच्या मागे असतात, पण पाय सरळ होणं तितकंच महत्त्वाचं आहे. सरळ न झालेल्या पायावर माणूस लंगडतो, मांडीचा स्नायू लवकर थकतो, कंबर दुखायला लागते.

करंट आणि शेक याने थोडा वेळ दुखणं कमी होईल, पण सांधा सुटणार नाही आणि ताकदही येणार नाही. या ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून जास्त उतरते. ती रुग्णाने स्वतः स्नायू आवळल्याशिवाय परत येत नाही. दुसऱ्याने पाय हलवून दिला तर स्नायूला काहीच काम पडत नाही. गुडघ्याला सूज असेल तर शेकाऐवजी व्यायामानंतर १५-२० मिनिटं बर्फ, तोही फडक्यात गुंडाळून. मधुमेहात पायाची संवेदना कमी असू शकते, म्हणून मधूनमधून त्वचा बघत राहा.

सीपीएमवर पैसे घालू नका. कॉक्रेन म्हणजे वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणारी संस्था, तिच्या २०१४ च्या आढाव्यात बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. मशीनमुळे वाकण्यात पडलेला फरक जेमतेम २ अंशांचा निघाला.

घरी काय करता येईल? पलंगावर बसून टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवायची आणि टाच हळूहळू कुल्ल्याकडे ओढायची. पिशवीमुळे चादरीला घासत नाही. शेवटी जिथे ताण बसतो तिथे थोडं थांबायचं. मग पाय लांब करून गुडघ्यामागे टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती खाली दाबायची. मांडी कडक झाली पाहिजे, हात लावून बघा. आणि पक्क्या खुर्चीवरून उठणं-बसणं, सुरुवातीला हाताचा आधार घेऊन. एकदाच तासभर करण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं बरं. व्यायामात ताण आणि दुखणं येणारच, पण ते तासाभरात उतरायला हवं. रात्रभर ठणकलं किंवा सकाळी सूज वाढली तर जास्त झालं, दुसऱ्या दिवशी कमी करायचं.

पोटरी अचानक सुजली, दाबल्यावर दुखली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर व्यायाम बंद, तडक हॉस्पिटल.

भूल देऊन गुडघा वाकवण्याला आईंनी शिक्षा समजू नये. सांध्यात तयार झालेले चिकट पट्टे सोडवायचे असतात आणि ते साधारण पहिल्या तीन महिन्यांत केलेलं जास्त लागू पडतं. त्यामुळे ते उगाच लांबवूही नका. केलं तरी त्यानंतर लगेच हेच व्यायाम करायचे आहेत.

धागाकर्ती :

काकू, डॉक्टर, मनापासून आभार. लेखी, मुद्देसूद असं पहिल्यांदाच कोणी सांगितलं. उशी काढली. पहिली रात्र आईला जड गेली.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. काल खुर्चीत बसून तिने पाऊल जितकं मागे जाईल तितकं नेलं आणि माझ्याकडून फरशीवर खडूने रेघ मारून घेतली, बाजूला तारीख. आज सकाळी रेघेच्या बोटभर मागे पाऊल गेलं म्हणून स्वतःच फोन केला.

आणखी एक विचारते. निदान किती अंश वाकलं म्हणजे रोजचं अडत नाही? आणि येणाऱ्या फिजिओंना न दुखावता कसं बोलू?

फिजिओ, सातारा :

सपाट जमिनीवर चालायला ६५-७० पुरतात. जिना चढायला ८०-९०, उतरायला त्याहून थोडं जास्त, आणि बुटक्या खुर्चीतून आधाराशिवाय उठायला १०० च्या आसपास. ऑपरेशनआधी किती वाकत होता त्यावरही खूप अवलंबून असतं, तो आकडा जुन्या कागदांत शोधा. मांडी घालून जमिनीवर बसण्याचा हट्ट मात्र नको. संडासात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणा.

फिजिओंना सरळ विचारा : दर आठवड्याला कोन मोजून लिहून द्याल का, पुढच्या दोन आठवड्यांत कुठवर न्यायचं, आणि तुम्ही नसताना आईने काय करायचं? चांगल्या फिजिओला असे प्रश्न आवडतात. उत्तर टाळलं तर दुसरे बघा. बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, आणि राज्याच्या कौन्सिलची नोंदणी आहे ना एवढं विचारून घ्या. ते विचारण्यात अपमान नाही.

धागाकर्ती :

शनिवारी बोलते त्यांच्याशी, तुमचे तिन्ही प्रश्न कागदावर लिहून घेतले आहेत. सर्जनना फोन करून व्यायामांबद्दल विचारलं, त्यांनी हरकत नाही म्हणून सांगितलं. ऑपरेशनआधीच्या कागदावर ११० लिहिलेलं सापडलं.

कराड-सातारा भागात गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचं काम नेहमी करणारे, घरी येणारे फिजिओ कोणाच्या ओळखीचे असतील तर व्यनि (खाजगी निरोप) करा. आणि काकू, दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी तुम्ही आधीपासून काय वेगळं केलंत ते जरूर लिहा. आईचा डावाही दुखतो आहे.