एमआरडीतून मेडिकल कोडिंगकडे: चार्ट कुठे चुकला, आणि सीपीसी आधी द्यावी का?

कळवा_एमआरडी
बी.फार्म. झालंय. ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात (एमआरडी) ४ वर्षं. डिस्चार्ज समरी तपासणं, अपुरी फाइल डॉक्टरांकडून पुरी करून घेणं, डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१० (आजारांच्या कोडची यादी) प्रमाणे कोड देणं हे रोजचं काम. आता ऐरोली-महापे पट्ट्यात अमेरिकन चार्टच्या कोडिंगमध्ये (तिथल्या रुग्णांच्या नोंदी वाचून बिलासाठी कोड देणं) शिरायचंय. सीपीसी (कोडिंगची अमेरिकन प्रमाणपत्र परीक्षा) देऊन अर्ज करावा की आधी नोकरी बघावी?

आणि हा सरावाचा ओपीडी चार्ट कुणी समजावेल का: "टी२डीएम, इन्सुलिनवर. एचटीएन. सीकेडी ३बी. एच/ओ सीव्हीए २०१९, आता काही कमजोरी नाही. खोकला ४ दिवस, ?न्यूमोनिया, एक्स-रे सांगितला." म्हणजे टाइप २ मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा जुनाट आजार (सीकेडी) स्टेज ३बी, पूर्वी स्ट्रोक (सीव्हीए), आता खोकला आणि न्यूमोनियाचा संशय. मी याच क्रमाने ई११.९, आय१०, एन१८.३२, आय६३.९, जे१८.९ दिले. पाचातला एकच बरोबर म्हणे.

लाल_पेन
बरोबर आहे तो एन१८.३२. बाकीचे एकेक घेऊ.

आयसीडी-१०-सीएमच्या (आयसीडी-१० ची अमेरिकन आवृत्ती) इंडेक्समध्ये मधुमेहाखाली "विथ" असा शब्द येतो आणि त्याखाली मूत्रपिंडाचा आजार आहे. याचा अर्थ दोन्ही निदानं चार्टवर असली की संबंध गृहीत धरायचा; डॉक्टरांनी "संबंध नाही" असं स्पष्ट लिहिलं तरच तोडायचा. म्हणून ई११.२२. रक्तदाब आणि सीकेडीचंही तसंच, म्हणून आय१० जाऊन आय१२.९ येतो. एन१८.३२ या दोघांनंतर. इन्सुलिनसाठी झेड७९.४ तुम्ही विसरलात. ही चूक जवळजवळ प्रत्येक नवखा करतो.

२०१९ चा सीव्हीए हा आजचा स्ट्रोक नव्हे. आय६३ तीव्र झटक्यासाठी असतो. मागे काही उरलं नसेल तर झेड८६.७३, लकवा वगैरे उरला असेल तर आय६९ मधला योग्य कोड. ऑडिटमध्ये हा आय६३ सापडला की थेट मोठी चूक धरतात, कारण रिस्क ॲडजस्टमेंटमध्ये (रुग्ण किती आजारी त्यावर विम्याचे पैसे ठरवण्याची पद्धत) त्यावर पैसे फिरतात.

न्यूमोनिया: ओपीडीत "शक्य", "संशय", "?" यांना कोड नाही. लक्षणाला कोड द्या. गंमत म्हणजे हाच रुग्ण दाखल झाला असता आणि डिस्चार्जच्या वेळीही "प्रोबेबल न्यूमोनिया" असंच लिहिलेलं असतं, तर जे१८.९ चाललं असतं. तिथे नियमच वेगळा.

कळवा_एमआरडी
मग खोकल्याला आर०५.१ ना? ४ दिवसांचा खोकला म्हणजे अक्युटच.

लाल_पेन
नाही, आर०५.९. "अक्युट" हा शब्द डॉक्टरांनी लिहिलेला नाही, तो तुमच्या डोक्यातून आला. फार्मसीवाल्यांची अडचण नेमकी हीच असते, त्यांना जास्त कळतं. औषधांच्या यादीत मेटफॉर्मिन दिसलं आणि मधुमेह कुठेच लिहिलेला नसला तर मधुमेहाचा कोड लागत नाही. ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतं त्याचा आकडा) ३८ दिसला तरी ३बी लिहिलेलं नसेल तर स्टेज तुम्ही ठरवायची नाही. काही गोष्टींना सूट आहे: बीएमआय किंवा प्रेशर अल्सरची (पडून राहिल्याने होणारी जखम) स्टेज नर्सच्या नोंदीवरून घेता येते. पण लठ्ठपणा किंवा अल्सर हे मूळ निदान डॉक्टरांचंच हवं.

सीडीआय_वाशी
वरचं सगळं खरं, पण तुमचं ज्ञान वाया जात नाही ताई. ते क्वेरीत लागतं, म्हणजे नोंद अपुरी असली की डॉक्टरांना लेखी विचारतात त्यात. समजा चार्टवर नुसतं "सीएचएफ" (हार्ट फेल्युअर) आहे आणि सोबत इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय किती रक्त बाहेर ढकलतं ते) ३० टक्के, शिरेतून फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध), पायांना सूज. क्वेरीत हे पुरावे तारखेसह मांडायचे आणि विचारायचं: हार्ट फेल्युअरचा प्रकार आणि तीव्रता नमूद कराल का? पर्याय देताना अक्युट, क्रॉनिक, अक्युट ऑन क्रॉनिक, सिस्टॉलिक, डायस्टॉलिक, "इतर" आणि "सांगता येत नाही" हे सगळे ठेवायचे.

"अक्युट ऑन क्रॉनिक सिस्टॉलिक असल्याची पुष्टी करावी" असं लिहिलंत की क्वेरी बाद. उत्तर तुम्हीच डॉक्टरांच्या तोंडी घातलंत. आणि आय५०.२३ (अक्युट ऑन क्रॉनिक सिस्टॉलिक) हा एमसीसी, म्हणजे मोठी गुंतागुंत, असल्याने डीआरजी (रुग्णालयाला किती पैसे मिळणार ते ठरवणारा गट) वर जाते, हे क्वेरीत अवाक्षरानेही यायला नको. एमआरडीतली माणसं डॉक्टरांच्या मागे लागून फाइल पुरी करून घेण्यात पटाईत असतात. इथे तीच सवय आवरावी लागते.

घणसोली_कोडर
परीक्षेचं सांगतो. सीपीसीला १०० प्रश्न, ४ तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. म्हणजे एका प्रश्नाला २ मिनिटं २४ सेकंद. पुस्तकं उघडून द्यायची असते, तरी माणसं वेळेतच नापास होतात. सीपीटी (डॉक्टरांनी केलेल्या तपासण्या-शस्त्रक्रियांचे कोड), आयसीडी-१०-सीएम आणि एचसीपीसीएस लेव्हल दोन (साहित्य, औषधं वगैरेंचे कोड) ही तीन पुस्तकं चालू वर्षाची घ्या. सीएम दर १ ऑक्टोबरला बदलतं, सीपीटी १ जानेवारीला, त्यामुळे स्वस्तात मिळालेल्या जुन्या पुस्तकाच्या मोहात पडू नका. सीपीटीतल्या कंसातल्या सूचना रंगवून ठेवा, अर्धे प्रश्न तिथूनच सुटतात.

पास झाल्यावर नावापुढे सीपीसी-ए लागतं, "ए" म्हणजे अप्रेंटिस, शिकाऊ. तो "ए" काढायला २ वर्षांचा कोडिंगचा अनुभव, किंवा १ वर्ष आणि ८० तासांचं शिक्षण. तुमचं एमआरडीचं काम डब्ल्यूएचओ आवृत्तीवर आहे आणि सीपीटी त्यात नाहीच, म्हणून ते धरलं जाईल असं गृहीत धरू नका.

माझं मत: आधी परीक्षा द्या, पण क्लासला लाखभर रुपये घालून नव्हे. शरीररचना तुम्हाला येते, तुम्हाला सीपीटी आणि मॉडिफायर (सीपीटी कोडला जोडायचे दोन अंकी कोड) शिकायचेत. २५ आणि ५९ कुठे लावायचे नाहीत हे पक्कं झालं की मुलाखतीची चाचणी निघते. पुढे दाखल रुग्णांच्या चार्टकडे जायचं असेल तर सीआयसी किंवा सीसीएस, या त्यासाठीच्या प्रमाणपत्र परीक्षा. तुमचा डिस्चार्ज समरीचा अनुभव तिथे खरा उपयोगी पडेल, पण ते दुसऱ्या टप्प्यात.

लाल_पेन
एक भर. ऑफर लेटरवर पदाचं नाव नीट वाचा. "हेल्थकेअर प्रोसेस" असं मोघम असेल तर ते बरेचदा एआर कॉलिंग निघतं, म्हणजे अमेरिकन विमा कंपन्यांना फोन आणि पक्की रात्रपाळी. कोडिंगला फोन नसतो, म्हणून ते बहुधा दिवसाचं असतं आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली गाठणं जमतं. विचारायच्या गोष्टी: कोणती स्पेशालिटी, दिवसाचं टार्गेट किती चार्टचं, पहिले तीन महिने टार्गेट कमी धरतात का, क्वालिटी ९५ टक्क्यांखाली गेली तर काय, बाँड किती महिन्यांचा. मूळ प्रमाणपत्रं मागितली तर देऊ नका.

कळवा_एमआरडी
चार्ट पुन्हा केला: ई११.२२, आय१२.९, एन१८.३२, झेड७९.४, झेड८६.७३, आर०५.९. मधुमेह आधी की रक्तदाब आधी, यात अडले.

लाल_पेन
दोन्ही चालतात, त्या भेटीत डॉक्टरांनी मुख्यतः काय पाहिलं त्यावर. इथे रुग्ण खोकल्यासाठी आला असेल तर आर०५.९ सगळ्यांत वर.