मदत हवी आहे: हवामान मॉडेलचा रन दोन तासांत मरतोय, सोमवारी मीटिंग

घाटवाट: तीन दिवस महासंगणकाच्या क्यूत थांबायचं आणि जॉब दोन तासांत आडवा. चार वेळा झालं. सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत भलतीकडे हात घातल्याची एरर), बस्स. मागच्या जुलैतला पाच दिवसांचा पाऊस मॉडेलमधून काढायचाय, गाइडना सोमवारी नकाशे हवेत. सुचवा काहीतरी, प्लीज.

पाषाणकर: मॉडेल कुठलं, ग्रिडचा चौकोन किती किमीचा? की कुंडली मांडू?

घाटवाट: डब्ल्यूआरएफ, हवामानाचं मॉडेल, अजून कुठलं असणार! बाहेरचं डोमेन (नकाशाचा भाग) ९ किमी, आतलं ३ किमी.

मेमरीवाला: मेमरी. डोळे झाकून सांगतो. प्रोसेसरचे कोअर दुप्पट करा.

रात्रपाळी: युलिमिट, म्हणजे मेमरीवरची मर्यादा, अनलिमिटेड केलंय का जॉब स्क्रिप्टमध्ये? माझे दोन महिने त्यात गेलेत.

घाटवाट: केलंय, पहिल्या दिवसापासून.

मेमरीवाला: तरी कोअर वाढवून बघाच.

पाषाणकर: अहो, कोअर वाढवले की क्यूत आठवडा जाईल त्याचा. आणि छोट्या डोमेनचे फार तुकडे पाडले तर डब्ल्यूआरएफ सुरूच होत नाही. घाटवाट, टाइम स्टेप किती ठेवलाय, म्हणजे मॉडेल एकेका टप्प्यात किती सेकंद पुढे जातं?

जुनाजाणता: १९९१ साली याच पुण्यात सी-डॅकने परम ८००० महासंगणक उभा केला. आता पाषाणला ११.७७ पेटाफ्लॉप्सचा ‘अर्क’ महासंगणक आहे, आणि पोरं क्यूवरून रडतात.

एआयप्रेमी: हे सगळं आता मोडीत काढा. एआय मॉडेल एका जीपीयूवर मिनिटाभरात दहा दिवसांचा अंदाज देतं.

पाषाणकर: पाव अंशाच्या डेटावर शिकलेलं ना ते? म्हणजे साधारण २५ किमीचा एक चौकोन. ताम्हिणी आणि मुळशी एकाच डब्यात.

सदाशिवपेठी: २२ तारखेला कोथरूडला लॉनवर लग्न आहे. पाऊस पडेल का?

घाटवाट: टाइम स्टेप ९०. मित्राची नेमलिस्ट (सेटिंग्जची फाइल) घेतली होती, तो १५ किमीवर चालवतो.

पाषाणकर: झालं! १५ किमीला ९० ठीक, किमीच्या सहा पट सेकंद. तुमच्या ९ किमीला ५४ हवा. ९० ठेवलात म्हणजे आतल्या ३ किमीलाही १८ऐवजी ३० सेकंद मिळतात. तिथे घाटाचा उभा कडा, हवा जोरात वर चढते, आकडे फुटतात. आरएसएल एरर फाइलींत (प्रत्येक प्रोसेसरची वेगळी असते) सीएफएल शोधा, म्हणजे टाइम स्टेप फार मोठा पडल्याचा इशारा. सगळ्या फाइलींत, नुसती ०००० नको.

घाटवाट: ०००० मध्ये काही नव्हतं म्हणून पुढे बघितलंच नाही. ०१३७ मध्ये डी०२ला, म्हणजे आतल्या डोमेनला, सीएफएलच्या ओळीच ओळी आहेत. 🤦

रात्रपाळी: आतल्या डोमेनची कड नेमकी घाटावरून जात नाहीये ना? जात असेल तर पश्चिमेला समुद्रात सरकवा.

घाटवाट: जातेय. सरकवतो.

पाषाणकर: आणि स्टेप कमी केली की वेळ पावणेदोन पटीजवळ जाणार. क्यूची मर्यादा किती? रीस्टार्ट इंटरव्हल, म्हणजे पुन्हा सुरू करायची फाइल किती वेळाने लिहिली जाते?

घाटवाट: २४ तास. रीस्टार्ट ७२०० मिनिटं.

पाषाणकर: म्हणजे पाच दिवस, रन संपल्यावर! १४४० करा, मग टाका.

सदाशिवपेठी: लग्नाचं कोणी सांगतंय का?

रात्रपाळी: मांडव घाला.