आठ वर्षांपुढची बोलेरो आणि दरवर्षीचे पासिंग : आपले अनुभव लिहा

महिंद्राची बोलेरो २००० साली बाजारात आली आणि तेव्हापासून कोकणातल्या वाड्यांपासून सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत प्रवासी वाहतुकीचा मोठा भार तिने वाहिला आहे. पिवळ्या नंबरप्लेटच्या गाडीला वयाची ८ वर्षे पूर्ण होईपर्यंत योग्यता प्रमाणपत्र दोन-दोन वर्षांसाठी मिळते आणि त्यानंतर ते दरवर्षी घ्यावे लागते; त्यासाठीच्या तपासणीलाच पासिंग म्हणतात. त्यामुळे जुनी बोलेरो धंद्यासाठी विकत घेणारा माणूस बहुधा दरवर्षीच्या पासिंगच्या टप्प्यात आलेलीच गाडी घेत असतो. सौदा होताना इंजिनाची चर्चा तासभर चालते, परंतु ही गाडी पासिंगला कशावर अडते आणि कशावर सहज पार पडते, हे विकणारा सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. म्हणून प्रत्यक्ष गाडी चालवणाऱ्यांनी आणि सांभाळणाऱ्यांनी येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

सुरुवात माझ्यापासून करतो. माझी गाडी वाई, पाचगणी, महाबळेश्वर या पट्ट्यात पर्यटकांसाठी चालते. २५२३ सीसीचे जुने डिझेल इंजिन आवाज करते, पण तपासणीत त्याने मला कधी अडचणीत आणलेले नाही. घाटातल्या गाडीचा खरा प्रश्न ब्रेकचा असतो. आपल्या राज्यात उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २५० मीटरच्या मार्गावर ब्रेकची चाचणी घेणे बंधनकारक झाले. त्या मार्गावर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली गेली, तर बाकीचे सगळे ठीक असूनही ती परत पाठवली जाते, आणि ते योग्यच आहे असे माझे स्पष्ट मत आहे. पसरणीचा घाट प्रवाशांनी भरलेल्या गाडीने उतरणाऱ्याला याचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.

नाशिकहून, पर्यटक वाहनाचे मालक

आमच्याकडे तपासणी स्वयंचलित केंद्रात यंत्रांवर होते. गाडीची चाके रोलरवर चढवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर लावतो हे स्वतंत्रपणे मोजले जाते, त्यामुळे चालकाला पायाखाली न जाणवणारा फरकही कागदावर येतो. माझ्या गाडीच्या मागच्या एका चाकाचा जोर दुसऱ्यापेक्षा बराच कमी भरला. ड्रम उघडल्यावर दिसले की ॲक्सलचे ऑइल सील वयोमानाने झिजले होते आणि तेल झिरपून ब्रेक लायनरवर पसरले होते. सील आणि दोन्ही बाजूंचे लायनर बदलल्यावर गाडी पास झाली. लायनर एकाच बाजूचे बदलून भागत नाही, कारण नवे आणि जुने लायनर सारखे धरत नाहीत आणि यंत्र तो फरक पुन्हा दाखवते. बोलेरोला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असल्यामुळे मागचा दोष बाहेरून दिसत नाही. पासिंगच्या आधी मागचे ड्रम उघडून पाहणे हाच त्यावर उपाय आहे.

सावंतवाडी परिसरातून, प्रवासी जीपचे मालक

कोकणात या गाडीचे वय किलोमीटरवर नव्हे, तर तिने काढलेल्या पावसाळ्यांवर मोजावे. बोलेरोची बॉडी वेगळ्या सांगाड्यावर बसवलेली असते. सांगाडा जाड असल्यामुळे तग धरतो, परंतु दारांच्या खालच्या कडा, पायरी आणि मागची फरशी यांना खाऱ्या हवेने गंज लागतो. तपासणीत फाटलेला पत्रा चालत नाही, कारण त्याची धार माणसाला लागू शकते.

याहून महत्त्वाची गोष्ट सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस क्रमांकाची आहे. पासिंगच्या वेळी त्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतला जातो. गंजाचे पोपडे धरले असतील तर अंक उमटत नाहीत, आणि मग गाडी कितीही उत्तम असली तरी ती तीच गाडी आहे हे सिद्ध होत नाही. पॉलिश पेपरने जोरात घासले तर अंकच पुसट होण्याचा धोका असतो. आमच्याकडे दरवर्षी दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण थांबल्यावर, ती जागा रॉकेलच्या फडक्याने पुसून तिच्यावर ग्रीस लावून ठेवण्याची पद्धत आहे. जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा टॉर्च घेऊन आधी हा क्रमांक वाचता येतो का ते पाहावे.

नंदुरबार जिल्ह्यातून, चालक

धडगाव-मोलगीच्या बाजूला गाडी क्वचितच रिकामी धावते. सतत वजन पडल्यामुळे मागचे पाटे (गाडीचे वजन पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानी) बसतात, म्हणजे त्यांचा बाक कमी होतो. मागची बाजू खाली गेली की पुढचे तोंड वर उचलले जाते आणि हेडलाइटचा झोत समोरच्या गाडीच्या काचेवर जाऊ लागतो. तपासणीत मात्र 'हेडलाइट सदोष' एवढेच सांगितले जाते. अनेक जण नवे दिवे आणतात किंवा दिव्यांचे स्क्रू फिरवून त्या दिवसापुरते काम भागवतात, आणि पुढच्या वर्षी तोच शेरा पुन्हा मिळतो. आधी पाटे कमानीवाल्याकडून दुरुस्त करून, त्यांचे बुश बदलून, गाडी सपाट जागेवर सरळ उभी राहते याची खात्री करावी आणि मगच दिवे भिंतीवर पाहून जुळवावेत. हा दोष रात्रीच्या घाटात समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या जिवावर बेततो, म्हणून त्याला किरकोळ समजू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कोल्हापूरहून, गॅरेजचालक

माझ्याकडे पासिंगपूर्व कामासाठी बोलेरो बऱ्याच येतात. वरच्या सगळ्या अनुभवांशी मी सहमत आहे. त्यांत दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट धुराची. बीएस-४ (भारत स्टेज-४, म्हणजे प्रदूषणाचा सरकारी निकष) गाडीसाठी धुराची मर्यादा ५० हार्ट्रिज एकक (धुराचा दाटपणा मोजण्याचे माप) आहे, तर त्याआधीच्या गाड्यांसाठी ती ६५ आहे. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले, पण पुणे-मुंबईसारख्या शहरांत ते २०१० पासूनच होते. त्यामुळे एकाच वर्षी नोंदणी झालेल्या दोन बोलेरोंना वेगवेगळी मर्यादा असू शकते आणि दुसऱ्या जिल्ह्यातून गाडी घेताना नोंदणी पुस्तकावरची नोंद पाहणे आवश्यक ठरते. काळा धूर दिसला की ग्राहक लगेच पंप उघडायला सांगतात. माझा क्रम असा आहे की आधी एअर फिल्टर, मग डिझेल फिल्टर, त्यानंतर इंजेक्टर आणि शेवटी पंप. पुष्कळ गाड्या पहिल्या दोन पायऱ्यांवरच मर्यादेत येतात आणि मालकाचा मोठा खर्च वाचतो.

दुसरी गोष्ट स्टिअरिंगची. खराब रस्त्यांवर टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट हे पुढच्या चाकांचे सांधे झिजतात आणि स्टिअरिंगला रिकामी चाल येते. अशा गाडीचे पुढचे टायर एका कडेने खातात. टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते, आणि मधोमध नक्षी भरपूर असूनही कडेला टायर गुळगुळीत झाला असेल तर तो नाकारला जातो. नवे टायर बसवण्याआधी सांधे बदलून अलाइनमेंट करून घ्यावी.

रिफ्लेक्टर टेप (पुढे पांढरी, मागे लाल, बाजूंना पिवळी), वायपर, हॉर्न, मागचे ब्रेक लाइट आणि आरसे यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही; आदल्या दिवशी एकदा पाहून घ्यावेत.

गडचिरोली जिल्ह्यातून, सेवाभावी संस्थेच्या कार्यकर्त्या

आमच्या संस्थेची बोलेरो रुग्णवाहिका म्हणून नोंदलेली आहे आणि तिलाही हेच नियम लागू आहेत. तिचे दुखणे मात्र वेगळे आहे, कारण ती बराच वेळ उभी असते. उभ्या गाडीच्या हँडब्रेकची केबल ओलाव्याने अडकते, बॅटरी उतरते आणि दिव्यांच्या जोडण्यांवर हिरवट थर धरतो. रुग्ण नसला तरी आठवड्यातून एकदा गाडी फिरवून आणायची आणि हँडब्रेक चढावर लावून पाहायचा, असे आम्ही ठरवले आणि तेव्हापासून या कारणांवरून गाडी परत पाठवली गेलेली नाही. मुदत संपल्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये जादा शुल्क नियमांत आहे, पण आम्हाला त्याहून अधिक काळजी असते ती विम्याची. वैध योग्यता प्रमाणपत्र नसताना अपघात झाला तर नुकसानभरपाईचा वाद उभा राहतो आणि आत रुग्ण असतो. म्हणून पासिंगची वेळ आम्ही पावसाळ्याआधीची घेतो, त्या दिवसासाठी शेजारच्या गावातली दुसरी गाडी सांगून ठेवतो आणि तिच्या चालकाचा नंबर आशाताईंकडे आदल्या संध्याकाळीच देतो.