पणजोबांची तीन नावे, दोन आडनावे: माणूस एकच की भाऊ-भाऊ? कसे ठरवायचे?

प्रश्न: वंशावळ_सातारा

सातारा जिल्ह्यातल्या एका कुणबी घराण्याची वंशावळ जुळवते आहे. १९४० च्या अलीकडचे सगळे नीट लागते, त्यामागे घोळ आहे. घरात पणजोबांचा उल्लेख फक्त 'आबा'. फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) 'दगडू सखाराम', कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत) 'गणू बिन सखाराम' ('बिन' म्हणजे मुलगा), तर मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर वडील 'गणपतराव' आणि आडनाव चक्क गावावरून पडलेले. हे एकच गृहस्थ की दोघे सख्खे भाऊ? पणजीचे तर लग्नानंतरचेच नाव सगळीकडे आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: जुने_दप्तर

नावावरून जुळवायला जाल तर अडकाल. जमीन धरून मागे जा. माणसाचे नाव तीनदा बदलते, पण शेताचा तुकडा जागचा हलत नाही.

आजच्या सातबारावर खातेदाराच्या नावाशेजारी फेरफार क्रमांक असतात. ते सगळे उतरवून घ्या आणि एकेक फेरफार (गाव नमुना ६) मागवत मागे चला. जमीन कशी आली, म्हणजे वारसाने, वाटपाने की खरेदीने, ते प्रत्येक फेरफारात लिहिलेले असते. बरेच जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत. तिथे नाही मिळाले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा.

तुमच्या प्रश्नाचा निकाल दोन फेरफारांत लागेल. पहिला, सखाराम मयत झाल्याचा. त्यात वारस म्हणून दगडू आणि गणू दोघे आले तर ते भाऊ. दुसरा, 'दगडू सखाराम मयत' असा. त्यातले वारस आणि 'गणपतराव' वडील असलेली शाळेतली मुले तीच निघाली, तर माणूस एक.

पण पहिल्या फेरफारात एकच नाव दिसले म्हणून दुसरा भाऊ नव्हता असे समजू नका. नावापुढे 'ए.कु.मॅ.' आहे का पाहा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्याचे नाव लागायचे आणि धाकटे कागदावर दिसायचेच नाहीत. ते पुढे वाटपाच्या फेरफारात एकदम उगवतात.

मध्येच साखळी तुटली तर बहुधा एकत्रीकरण योजना (विखुरलेले तुकडे एकत्र करण्याची सरकारी योजना) आडवी आलेली असते. तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला. भूमी अभिलेख कार्यालयातून ९(३), ९(४) चा उतारा घ्या, जुन्या-नव्या नंबरांचा मेळ त्यात बसतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदी १९०३ च्या कायद्याने सुरू झाल्या, त्यामुळे फेरफारांची वाट साधारण तिथवरच जाते. मराठवाड्यातल्या लोकांनी हाच क्रम लावू नये. तिथे निजामी अमलातली उर्दू कागदपत्रे आणि खासरा पत्रक (तिथली जुनी जमीन-नोंद) पाहावे लागते.

उत्तर २: बिन_कोम

वरच्या उत्तराशी सहमत, पण नावे मुळात का बदलली हे कळले तर पुढचा शोध सोपा जातो.

'आबा' कुठून आले असेल? आजोबा गेल्यावर नातवाला त्यांचे नाव ठेवायचे. पण सुनेने सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, मग पोराला हाक मारायला आबा, नाना, बाबू, बाळ असे काहीतरी दुसरे लागायचे, आणि तेच जन्मभर चिकटायचे. लोकमान्य टिळकांचे मूळ नाव केशव, रूढ झाले ते बाळ. या चालीचा दुसरा ताप असा की एक पिढी सोडून तीच जोडी परत येते. १८८० चा 'सखाराम बिन गणू' आणि १९३० चा 'सखाराम गणू' हे आजोबा-नातू असू शकतात. वय किंवा मृत्यूचे साल जुळल्याशिवाय दोघांना एक करू नका.

'दगडू' हा तर थेट धागा आहे. आधीची मुले दगावली की पुढच्याला दगडू, धोंडू, केरू, भिका अशी नावे ठेवत. पाळण्यातले नाव गणपत आणि हाकेचे दगडू, हे अगदी शक्य आहे. त्याच्या जन्माआधीच्या आठ-दहा वर्षांचे कोतवाल बुक (गाव नमुना १४) चाळा आणि सखारामची लहान मुले मयत झाल्याच्या नोंदी शोधा. जन्माच्या नोंदीत मात्र बाळाचे नाव मिळेलच असे नाही. नोंद बारशाच्या आधीच व्हायची, म्हणून नुसते 'मुलगा', बापाचे नाव आणि जात. आडनावाच्या जागी जात लिहिण्याची पद्धत सर्रास होती, तेव्हा आडनाव नाही म्हणून नोंद सोडून देऊ नका.

गणू, गणपत, गणपतराव यांतला फरक पुष्कळदा लिहिणाऱ्याने केलेला असतो. कारकून वतनदाराला 'राव' लावायचा आणि कुळाला 'रामा', 'नामा' म्हणून मोकळा व्हायचा. हे वाचताना आजही वाईट वाटते, पण शोध घेताना रामा, रामजी, रामचंद्र, रामराव हे सगळे तपासलेच पाहिजेत.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आडनाव बदलण्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण तुमच्याच साताऱ्यातले आहे. ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद 'भिवा रामजी आंबेडकर' अशी आहे. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. सकपाळ शोधणाऱ्याला हे रजिस्टर सापडणार नाही आणि 'भीमराव' शोधणाऱ्यालाही नाही. म्हणून शाळेत नाव न शोधता दाखल तारीख, राहण्याचे गाव आणि वडिलांचा धंदा हे रकाने वाचत जा. जन्मतारखेवर फार विसंबू नका. १ जून दिसली की मास्तरांनी अंदाजे घातली असे धरून चाला.

उत्तर ३: माहेरवाट

पणजीबद्दल. लग्नात पहिले नावही बदलत असल्याने सासरच्या कागदांत माहेरचे नाव शोधणे व्यर्थ. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे, दोघी माहेरच्या यमुना. नवऱ्याच्या नावाला जोडून नाव ठेवायची चाल होती, त्यामुळे नारायणाची लक्ष्मी आणि शंकराची पार्वती घराघरांत सापडते. 'लक्ष्मीबाई कोम नारायण' ('कोम' म्हणजे बायको) ही दोन वेगवेगळ्या वर्षी दिसली तर एकाच पुरुषाची पहिली आणि दुसरी बायकोही असू शकते.

माहेरचे गाव माहीत असेल तर तिथले वारस फेरफार काढा. तिचे वडील १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारले असतील तर लेकींची नावे वारसांत येतात, बहुतेक सासरच्या नावाने. भावांच्या लाभात हक्कसोडपत्र झाले असेल तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले असते आणि त्यात नाते स्पष्ट लिहिलेले असते. वडील १९५६ आधी गेले असतील आणि भाऊ हयात असतील, तर ही वाट बहुधा बंद.

मग घरात महालयाची (पितृपक्षातल्या श्राद्धाची) यादी लिहून ठेवली आहे का विचारा. तीत मातामह (आईचे वडील) असतो. पणजीच्या मुलाने ती यादी केली असेल, तर त्याचा मातामह म्हणजे पणजीचे वडील. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्याही (यजमान घराण्यांच्या नावांच्या वह्या) पाहा. तिथे जाताना मूळ गाव आणि जुने आडनाव सांगा. शाळेत पडलेले आडनाव सांगितले तर वही निघणार नाही.

वंशावळ_सातारा

सखाराम मयत झाल्याचा फेरफार आधी मागवते. कोतवाल बुकाची काही पाने मोडीत आहेत, ती वाचून घेताना काय सांभाळायचे?

उत्तर ४: जुने_दप्तर

फक्त आपली ओळ वाचून घेऊ नका, पूर्ण पान घ्या. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, शिवाय इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यामुळे 'राणू' की 'गणू' असा संशय आला तर त्याच हाताने दुसऱ्या ओळीत काढलेला 'रा' आणि 'ग' शेजारी ठेवून पाहावा लागतो. इसवी सन काढायला, साल फसली (महसुली साल) असेल तर ५९० मिळवा (जानेवारी ते मे मधल्या तारखेला ५९१), शके असेल तर ७८ (जानेवारी ते पाडव्याआधीच्या तारखेला ७९).

आणि तक्त्यात सुधारलेले नाव लिहू नका. 'गणू बिन सखाराम', 'दगडू सखाराम', 'गणपतराव' ही तिन्ही जशीच्या तशी, प्रत्येकासमोर कागदाचा प्रकार, साल आणि पान क्रमांक, अशी ठेवा. फेरफार हाती आला की मगच त्यांच्यात 'उर्फ' घाला.