मदत हवी आहे : मतदारसंघांची हद्द नेमकी ठरते कशी?

मंडळी, जरा मदत करा. भाचीचा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, मतदारसंघांची रचना आणि संसदेतलं प्रतिनिधित्व असा विषय, आणि तिला शिकवता शिकवता माझाच गोंधळ झालाय.

आम्ही चेंबूरचे. जिल्हा मुंबई उपनगर, पण लोकसभेला आम्ही दक्षिण मध्य मुंबईत, म्हणजे धारावी, वडाळा, माहीमसोबत. तिकडे ईशान्य मुंबईत मुलुंड आणि मानखुर्द एकाच खासदाराकडे, आता या दोन ठिकाणचे प्रश्न सारखे आहेत का तुम्हीच सांगा!

मला एवढं कळलंय की कुठल्या राज्याला किती जागा हे अजूनही 1971 च्या जनगणनेवर अडकलंय, म्हणून महाराष्ट्राच्या 48 च आहेत, पण राज्याच्या आतल्या हद्दी 2001 च्या आकड्यांवरून 2008 साली बदलल्या. त्यात विधानसभेच्या जागा मुंबई शहर जिल्ह्याला 10 आणि मुंबई उपनगरला 26 अशा झाल्या, लोक उत्तरेकडे सरकले तशा जागाही सरकल्या, गिरणगावातली माणसं नालासोपारा-डोंबिवलीला गेली हे तर आपण डोळ्यांनी बघितलंय.

आता माझा प्रश्न असा की नुसत्या लोकसंख्येवर पुढची फेररचना झाली तर मुंबई-ठाणे पट्ट्याच्या जागा वाढून कोकण, विदर्भाच्या कमी होणार का? आणि तसंच दक्षिणेतल्या राज्यांचं, कुटुंब नियोजन नीट केलं म्हणून आवाज कमी, ही भीती बरोबर आहे का?

कोणी राज्यशास्त्रवाले असाल तर सोप्या मराठीत सांगा प्लीज, रविवारपर्यंत द्यायचंय.