मदत हवी आहे: रात्रीच्या धडधडीत आईने कोणती प्रार्थना धरावी?

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. आम्ही यवतमाळकडच्या खेड्यात राहतो. कपाशीला बोंडअळी लागल्यापासून आईला रात्री तीनला जाग येते, छाती धडधडते, हात गार पडतात. ईसीजी नॉर्मल आहे. गोळ्या सुरू आहेत, त्या बंद करायच्या नाहीत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वरही बोललो.

बायबलमधलं फिलिप्पैकरांस ४:६-७ रोज म्हणतो. त्यात विनंती आभारासह करायला सांगितलं आहे, आणि आई नेमकी तिथेच अडते: "पऱ्हाटी गेली, आता आभार कायचे मानू?" मला उत्तर सुचत नाही.

तिला वाचता येत नाही, चर्चचे पाळक महिन्यातून एकदाच येतात. स्तोत्र २३ पाठ आहे, पण घाबरली की शब्द हरवतात. अशा वेळी श्वासाबरोबर म्हणता येईल अशी एकच ओळ कोणती? आणि आभाराचं तिला काय सांगू?