मदत हवी आहे: ओ पेअरच्या करारात कामाचे तास कसे लिहून घ्यावेत?

नमस्कार मंडळी, ओ पेअर म्हणून (म्हणजे परदेशी कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायला) जायचंय. जर्मनीतल्या यजमान कुटुंबाचा करार सहीसाठी आलाय, पण एका कलमाशी गाडी अडली आहे. बाकी सगळं नियमाप्रमाणे आहे: महिना २८० युरो हातखर्च, भाषेच्या क्लाससाठी ७० युरो, विमा कुटुंबाकडून, आठवड्याला दीड दिवस सुट्टी. कामाच्या तासांपुढे मात्र नुसतं ‘गरजेनुसार’!

मर्यादा आठवड्याला ३० आणि दिवसाला ६ तासांची. त्यांनी तोंडी सांगितलेलं असं: सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते ८:३० मुलांचं आवरून शाळेत सोडणं, दुपारी ३ ते ६:३० सांभाळणं. रोजचे ५ तास. शिवाय शुक्रवारी रात्री ८ ते १२ मुलांजवळ थांबायचं. आठवड्याची बेरीज २९, कागदावर छान दिसते. पण शुक्रवारचे ९ तास होतात. मुलं झोपलेली असली तरी ती राखण कामातच धरायची असते, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

शुक्रवारची दुपार मोकळी मागितली तर दिवस साडेपाच तासांत बसतो. हे कुटुंबाला न दुखावता कसं मांडावं? वेळापत्रक कराराला जोडून दोघांच्या सह्या घ्याव्यात, की ईमेल पुरेल? शाळेच्या सुट्ट्यांचं वेगळं वेळापत्रक कुणी लिहून घेतलंय का? असल्यास त्यातली वाक्यरचना जर्मनमध्येच द्या, प्लीज.